नऊ आणि दोनची मोजणी

मंगळवारी दुपारी इलोना केस्तीनं विद्यापीठाच्या तळमजल्यावरच्या लाकडी फळ्याला आपला प्रबंध टेकवला, कोपऱ्यातल्या भोकात खिळा घातला, त्यावर एक घाव घातला आणि हातोडा तैस्तो राहकोच्या पुढे केला.

"शेवटचा घाव तू घाल."

"मी कशाला? प्रबंध तुझा."

"ह्यातला एकूण एक आकडा तू मोजलायस. घाल मुकाट्यानं."

तैस्तोनं घाव घातला. खिळा सरळ आत गेला, कारण तैस्तोच्या हातून वाकडा जात नाही. जमलेल्या आठदहा जणांनी टाळ्या वाजवल्या आणि जो तो आपापल्या खोलीकडे पांगला. आता दहा दिवस तो प्रबंध तिथं लटकणार, ज्याला वाचायचा त्यानं वाचावा, आणि पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी भर सभेत बाहेरून बोलावलेला आक्षेपक त्याची झडती घेणार. फिनलंडच्या ओउलूमध्ये डॉक्टर व्हायचं तर असं खिळ्याला टांगून घ्यावं लागतं.

तैस्तो एकसष्ट वर्षांचा. आयुष्यात त्यानं मोजण्याखेरीज दुसरं काही केलं नव्हतं. आधी वीस वर्षं फोनच्या कारखान्यात, आणि कारखाना बंद पडल्यावर पंधरा वर्षं ह्या प्रयोगशाळेत, जिथं मोबाईलच्या सहाव्या पिढीवर संशोधन चालतं. संशोधन करणारे वेगळे, ते लेख लिहितात, परिषदांना जातात. तैस्तो यंत्रं लावतो, तारा जोडतो, आकडे काढून देतो. बोलण्याच्या बाबतीत माणूस असा की चार शब्दांत भागत असेल तर पाचवा घरी ठेवून येणार. चार वर्षांपूर्वी कुसामो गावाहून ही पोरगी आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं तार जोडायच्या आधी तिचं टोक कुणी न सांगता पुसून घेतलं. तैस्तोनं ते पाहिलं आणि तेव्हापासून ती त्याच्या लेखी शहाणी ठरली. तिला हे कधी सांगितलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर त्यानं प्रबंधाची प्रत उघडली. पहिल्याच पानावर आभार होते. "तैस्तो राहको ह्यांच्या मूक अचूकपणाशिवाय ह्या पुस्तकात एकही आकडा नसता." त्यानं ते तीनदा वाचलं आणि बायकोला दाखवलं. आइलाचं केस कापायचं दुकान आहे, दिवसभर लोकांची डोकी आणि लोकांच्या गोष्टी तिच्या हातात असतात.

"मूक अचूकपणा," आइला म्हणाली. "पोरगी सभ्य आहे. मी असते तर मुका बैल लिहिलं असतं."

तैस्तो खूश होता. खुशीतच तो पाचव्या प्रकरणापर्यंत आला.

इलोनाचं काम थोडक्यात असं. पुढच्या पिढीच्या फोनच्या लहरी फार बारीक. त्यांतून माहिती धो धो वाहते, पण आड माणूस आला की धार तुटते. इलोनानं अँटेनाला शिकवलं होतं की सिग्नल किंचित थरथरला की समजायचं, कुणीतरी येतंय. मग ते माणूस आडवं यायच्या आत धार वळवायची आणि भिंतीवरून उडवून पलीकडे पोचवायची. हे खऱ्या माणसांत चालतं का, ते बघायला तिसऱ्या मजल्याच्या लांब कॉरिडॉरच्या दोन टोकांना दोन पेट्या बसवल्या होत्या. यंत्र तापतं, म्हणून दिवसातून दोनदाच, वीस-वीस मिनिटं मोजायचं. कॅमेरा लावायला बंदी, लोकांच्या खाजगीपणाचा प्रश्न. म्हणून धार जितक्या वेळा वळली तितकी माणसं गेली, असं धरायचं.

पाचव्या प्रकरणात लिहिलं होतं: "बेचाळीस कर्मचाऱ्यांच्या मजल्यावर, कामाच्या वेळी, लोकांची नेहमीची ये-जा चालू असताना मोजणी केली. चौदाशे बारा वेळा धार वळली. तुटली फक्त अठरा वेळा."

तैस्तोच्या मनात पाल चुकचुकली.

कामाच्या वेळी म्हणजे नऊ आणि दोन. त्या वेळा त्यानंच लावल्या होत्या. इलोना एवढंच म्हणाली होती, "दिवसातून दोनदा, कामाच्या वेळात." आणि नऊ आणि दोन म्हणजे कॉफी. ह्या देशात नऊ वाजता कॉरिडॉरमध्ये माणूस दिसला तर लोक विचारतील, बरं नाही का म्हणून. बेचाळीसच्या बेचाळीस जण कॉफीच्या खोलीत असतात. तैस्तोनं मुद्दाम तीच वेळ निवडली होती. नाजूक मोजणी करायची तर शांततेत, हे त्याला कारखान्यात वीस वर्षं घोटून शिकवलं होतं. कुणाला अडचण नको, कुणाचा धक्का नको. पोरीचं काम निर्वेध व्हावं म्हणून एक्केचाळीस दिवस तो यंत्र लावून कॉफीला गेला होता, आणि इलोना कॉफी पीत नाही. ती खोलीचं दार लावून, कानात संगीत घालून बसते. नोंदवहीत तिनं नऊ आणि दोन वाचलं असणार आणि तिला ती नुसती घड्याळातली वेळ वाटली असणार. प्रबंध आधी तपासणारे दोघे परदेशातले. तिकडची माणसं म्हणे मनाला येईल तेव्हा कॉफी पितात.

म्हणजे माणसं नव्हतीच. मग धार चौदाशे बारा वेळा कुणाला चुकवत होती?

"काय झालं?" आइलानं विचारलं.

"काही नाही."

"चेहरा तर आंबलेल्या दुधासारखा झालाय."

"काही नाही म्हटलं ना."

बुधवारी नऊला पंधरा वर्षांत पहिल्यांदा तैस्तो कॉफीला गेला नाही. यंत्र चालू करून, हातात वही घेऊन कॉरिडॉरच्या मधोमध भिंतीला पाठ लावून उभा राहिला. नवाला दोन मिनिटं कमी असताना दारं उघडली, पावलं वाजली, आणि नवाला मजला ओस पडला. यंत्राच्या पडद्यावर धार सुतासारखी सरळ होती. मग ती हलली. वळली. परत जागेवर आली. कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नव्हतं. तैस्तोनं इकडे तिकडे पाहिलं आणि मग त्याची नजर खिडकीजवळच्या मोठ्या कुंडीकडे गेली. हवा खेळवणारा पंखा वर घरघरत होता आणि झाडाचं एक ताटाएवढं पान त्या वाऱ्यावर वाकत होतं, सरळ होत होतं. पान वाकलं की धार वळायची. वीस मिनिटांत माणसं शून्य, वळणं एकोणीस. जगातल्या पुढच्या पिढीचं नेटवर्क एक्केचाळीस दिवस एका झाडाला वाट देत होतं, आणि त्या झाडाला दर सोमवारी पाणी घालणारा तैस्तो स्वतः होता.

यंत्र थंड होऊ दिलं आणि पावणेदहाला, लोकांची खरी वर्दळ असताना, त्यानं पुन्हा मोजलं. सव्वीस माणसं गेली. अकरा वेळा धार तुटली. युक्ती अगदीच खोटी नव्हती, पण शंभरातले अठ्ठ्याण्णव कुठं आणि निम्म्याच्या जरा वर कुठं. दोन्ही आकडे त्यानं वहीत लिहिले.

तेवढ्यात इलोनाचं दार उघडलं. कानातलं काढून ती त्याच्याकडे आली.

"काय मोजतोयस?"

"असंच. तपासून बघतोय."

"माझंच ना?"

"हं."

"सगळं ठीक आहे?"

सांगायची वेळ हीच होती. सभेआधी पुन्हा त्याला असा सरळ प्रश्न कुणी विचारणार नव्हतं. तैस्तोनं तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालेलं, नखं कुरतडलेली, चार वर्षं त्या खोलीत काढलेली. त्यानं श्वास आत ओढत "यो" केलं, आमच्या उत्तरेकडची माणसं करतात तसं, ज्याचा अर्थ हो होतो, ऐकलं होतो, बघू होतो आणि जाऊ दे पण होतो. इलोनानं मान डोलावली आणि ती परत गेली. तैस्तो आपल्या खोलीत जाऊन बसला आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

गुरुवारी तो प्राध्यापक हौतालांकडे गेला. हौताला इलोनाचे मार्गदर्शक. नुकतेच जिनीव्हाहून आले होते, बॅग अजून दारातच उभी होती. तैस्तोनं वही उघडून समोर ठेवली आणि सात वाक्यांत सगळं सांगितलं. एवढं तो वर्षभरात त्यांच्याशी बोलला नव्हता.

हौतालांनी वही वाचली, चष्मा काढला, पुसला.

"नऊ वाजता आपली कामाची वेळ असते की नाही?"

"असते."

"मजल्यावर बेचाळीस माणसं आहेत की नाहीत?"

"कॉफीच्या खोलीत होती ती."

"मजल्यावरच आहे ना कॉफीची खोली? मग प्रबंधात खोटं काय आहे, सांग बरं."

ह्या माणसाशी वाद घालणं म्हणजे बर्फावर सायकलचा ब्रेक मारणं.

"हे बघ, तैस्तो," हौताला मऊ आवाजात म्हणाले, "पुढच्या महिन्यात हे आकडे घेऊन मी मोठ्या बैठकीला जातोय. कुठल्या लहरी कुणाला द्यायच्या ते तिथं ठरणार. सभा होऊ दे. मग सावकाश आपण पुन्हा मोजू. आत्ता तिला सांगून पोरीची झोप कशाला उडवतोस?"

हे शेवटचं वाक्य तैस्तोला सोयीचं वाटलं. भित्र्या माणसाला कारण लागतं, आणि ते प्राध्यापकाकडून मिळालं तर सोन्याहून पिवळं. तिच्या झोपेसाठी गप्प बसायचं, ठरलं. त्या दिवसापासून त्याची स्वतःची झोप गेली.

शनिवारी तो समुद्रावर गेला, बर्फाला भोक पाडून मासे धरायला. एरवी एका भोकाशी चार तास बसणारा माणूस. आज दहा मिनिटं झाली की उठायचा, पाच पावलं चालायचा, नवं भोक पाडायचा. शेजारी रोजचा सोबती वाल्देमार बादलीवर बसला होता.

"कितवं?"

"चौदावं."

"समुद्राची चाळण करतोयस की काय? उन्हाळ्यात पाणी गळून जाईल."

तैस्तोनं दोर खाली सोडला.

"बायकोशी भांडलास?"

"नाही."

"मग भांड. काहीतरी होऊन जाऊ दे. तुझ्याकडं बघून माझे मासे पळायला लागलेत."

तैस्तोला वाल्देमारला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण ज्याला सांगायचं त्याला न सांगता बर्फावर बसलेल्या शेजाऱ्याला सांगायचं, ह्यालाही काही अर्थ नव्हता. एकही मासा न घेता तो घरी आला.

सोमवारी लिफ्टमध्ये इलोना भेटली. दोघंच होते. तळमजल्यापासून तिसऱ्यापर्यंत. सकाळी दात घासताना त्यानं वाक्य जुळवून ठेवलं होतं: नऊ वाजता तिथं कुणी नसतं. पाच शब्द.

"इलोना," तो म्हणाला.

"बरं झालं भेटलास. सभेनंतरचा सँडविच-केक रेनडियरच्या मांसाचा मागवू की सामन माशाचा? आई म्हणते सामन, पण आक्षेपक डेन्मार्कचा आहे, तिकडं सामन रोजच खात असतील."

"रेनडियर."

"मलाही तेच वाटलं. आणि संध्याकाळच्या मेजवानीला आइलालाही आण. किती छान वाटतंय मला, तैस्तो. मी आयुष्यात एवढी निवांत कधी नव्हते."

दार उघडलं. ती निवांत आहे हे ऐकून त्याला बरं वाटायला हवं होतं, पण तो तिच्या आधीच बाहेर पडून आपल्या खोलीकडे निघाला. बुधवार गेला, गुरुवार गेला. दोन वेळा तिच्या दारापर्यंत जाऊन परतला. एकदा चिठ्ठी लिहिली आणि फाडली. आइलानं रात्री जेवताना काटा खाली ठेवला आणि म्हणाली, "हे बघ, तोंडात मिठाची गुळणी धरून माझ्यासमोर बसू नकोस. थुंक तरी, नाहीतर गीळ." तेव्हा कुठं त्यानं तिला सगळं सांगितलं. आइलानं ऐकून घेतलं. ती एकदाही मध्ये बोलली नाही, ह्याचंच त्याला भय वाटलं.

"तुला कशाची भीती आहे?" शेवटी तिनं विचारलं. "तिचं नुकसान होईल ह्याची, की चूक तुझ्या हातची निघेल ह्याची?"

उत्तर त्याला माहीत होतं, आणि आइलालाही.

शुक्रवारी सव्वाबाराला सभा सुरू झाली. एरवी प्रयोगशाळेत सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, प्राध्यापकाला सुद्धा. पण त्या दिवशी काळे कपडे चढतात आणि सगळे एकमेकांना आपण-आपण करायला लागतात. मधल्या टेबलाशी कुस्टोस म्हणून हौताला, सभा चालवायचा मान त्यांचा. एका बाजूला इलोना, दुसऱ्या बाजूला डेन्मार्कहून आलेले आक्षेपक, प्राध्यापक लिंडेगोर. दोनशे खुर्च्यांचं सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत इलोनाचे आईवडील कुसामोहून आलेले, वडिलांनी टाय इतका घट्ट बांधलेला की मान लाल झाली होती. तैस्तो शेवटच्या रांगेत, दाराजवळ. वही आतल्या खिशात होती.

लिंडेगोरांनी तिला दोन तास सोलून काढलं. पण इलोना भारी निघाली. एकेका प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर द्यायची आणि थांबायची. तैस्तोला अभिमान वाटत होता आणि त्याच वेळी घाम फुटत होता. मग लिंडेगोरांनी पाचवं प्रकरण उघडलं.

"हा आकडा फारच चांगला आहे. कॉरिडॉरमध्ये खरोखरच वर्दळ होती, ह्याची आपल्याला खात्री आहे?"

"तो बेचाळीस माणसांचा मजला आहे," इलोना म्हणाली, "आणि मोजणी आमच्या सर्वांत काटेकोर माणसानं केली आहे. मला पूर्ण खात्री आहे."

लिंडेगोरांनी समाधानानं पान उलटलं. थोड्या वेळानं ते उठून उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं की प्रबंध उत्तम आहे आणि तो स्वीकारावा अशी शिफारस ते करतील. इलोनाच्या आईनं रुमाल काढला. इलोनानं त्यांचे आभार मानले, आणि मग सभागृहाकडे वळून, रिवाजाप्रमाणे, शेवटचं वाक्य म्हणाली. प्रबंधावर उपस्थितांपैकी कुणाचा काही आक्षेप असेल, तर त्यांनी कुस्टोसकडे बोलायची परवानगी मागावी.

ह्या वाक्याला कुणी काही बोलत नाही. पंधरा वर्षांत तैस्तोनं तरी ऐकलं नव्हतं. ह्या वाक्याला लोक पायाखालच्या पिशव्या शोधतात, कारण बाहेर केक मांडलेला असतो.

तैस्तोनं हात वर केला. मी करणार आहे असं त्यालाही एक क्षण आधीपर्यंत माहीत नव्हतं. पण "सर्वांत काटेकोर माणसानं" हे शब्द त्याच्या कानात शिसं ओतल्यासारखे बसले होते, आणि आता गप्प बसलो तर ह्यापुढे कुठल्याच आकड्याखाली सही करता येणार नाही, हे त्याला कळलं होतं. हौतालांनी त्याच्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. हात तसाच होता. नियम नियम असतो.

"श्री. राहको," ते कोरडेपणानं म्हणाले. "बोलावं."

तैस्तो उभा राहिला. "मोजणी नऊला आणि दोनला झाली. त्या वेळा मी लावल्या. तेव्हा कॉरिडॉरमध्ये माणसं नव्हती. सगळे कॉफीला होते."

पुढच्या रांगांत कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. सभागृहातल्या एकूण एक फिन माणसाला नऊ आणि दोनचा अर्थ तिथल्या तिथे कळला. लिंडेगोरांना कळला नाही, पहिल्या रांगेतल्या कुणीतरी उठून त्यांच्या कानात सांगितल्यावर त्यांच्या भुवया वर गेल्या.

इलोना टेबलाच्या कडेला धरून उभी होती. आक्षेपाला उत्तर देणं तिचं कामच होतं.

"माननीय श्री. राहको," ती म्हणाली. आवाज अजून स्थिर होता. "मग धार कशाला वळत होती, हे आपल्याला माहीत आहे का?"

"झाडाच्या पानाला. खिडकीजवळचं. पंख्यानं हलतं."

"माणसं असताना आपण मोजलं आहे?"

"एकदा. सव्वीस माणसं. अकरा वेळा तुटली."

"हे केव्हा?"

तैस्तोला इथे खोटं बोलता आलं असतं. काल म्हटलं असतं तरी खपलं असतं.

"नऊ दिवसांपूर्वी," तो म्हणाला.

इलोनाच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. मग ती लिंडेगोरांकडे वळली. "आक्षेप बरोबर आहे. पाचवं प्रकरण मी मागे घेते."

लिंडेगोर म्हणाले की त्यांनी शिफारस तोंडी केली आहे, लिहून अजून दिलेली नाही; पहिली चार प्रकरणं स्वतःच्या पायावर उभी आहेत, प्रबंध पास होईल, पण श्रेणी ती राहणार नाही, आणि पाचव्या प्रकरणातला आकडा कुठल्याही बैठकीत कुणी नेऊ नये. हे म्हणताना त्यांनी हौतालांकडे पाहिलं. हौताला कागद जुळवत होते. हातोडी टेबलावर आपटून त्यांनी सभा संपवली. लोक उठले, पण केककडे कुणी धावलं नाही. इलोनाचे वडील टाय सैल करत बायकोला विचारत होते, "म्हणजे झाली का डॉक्टर, की नाही झाली?"

तैस्तो कोट टांगायच्या खोलीत जाऊन उभा राहिला. घरी जावं की थांबावं कळत नव्हतं. अडीच वाजले होते. खरं बोलल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात. त्याला काही हलकं वाटत नव्हतं.

इलोना आली. एकटीच. डोळे लाल होते, पण ती रडत नव्हती.

"दोनशे माणसांसमोर," ती म्हणाली. "माझ्या आईबापांसमोर. माझ्या दारापासून तुझी खोली अकरा पावलं आहे, तैस्तो."

"हो."

"प्रकरण गेलं त्याचं एक असो. मोजणी चुकते. मीही त्या वेळा वाचल्या आणि मला काही कळलं नाही. मी कॉफीला आले असते एक दिवस तरी, तर कळलं असतं. ते माझं. पण एक गोष्ट तुला माहीत नाही. मला त्या आकड्याची आधीपासून शंका होती. फार चांगला होता तो. महिनाभर मी नीट झोपले नव्हते. मग त्या बुधवारी तुला वही घेऊन उभा पाहिलं. मुद्दाम बाहेर आले. मुद्दाम विचारलं."

तैस्तोनं भिंतीला हात लावला.

"म्हटलं, तैस्तो तपासतोय. चूक असेल तर तो सांगेल. तो तर एका धुळीच्या कणासाठी मला परत बोलावतो. तू काही बोलला नाहीस. म्हणून मी धरून चालले की आकडा बरोबर आहे. त्या रात्री मी दहा तास झोपले. रोज झोपले. आज तिथं उभी राहून पूर्ण खात्री आहे म्हणाले ना, ती खात्री तुझी होती. दुसरी माझ्याकडे नव्हतीच."

आयुष्यभर तैस्तो समजत आला होता की गप्प बसणं म्हणजे काहीच न करणं. वहीतली रिकामी ओळ. त्या ओळीत कुणी आकडा वाचत असेल, आणि त्यावर भर सभेत उभं राहत असेल, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"मी भ्यालो होतो," तो म्हणाला. शब्द बाहेर यायला जड गेले, पण आले. "तुझं नुकसान होईल म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. चूक माझी होती, आणि ती तुला कळू नये असं मला वाटत होतं."

इलोनानं खुंटीवरचा कोट काढला, हातात धरला, घातला नाही.

"नऊ दिवस, तैस्तो. रोज दोनदा, खऱ्या माणसांत मोजलं असतं तर निम्मं प्रकरण वाचलं असतं. वाईट आकडा का होईना, माझा आकडा असता."

"हो."

"हो नको म्हणूस." ती पहिल्यांदा ओरडली, आणि तिचा आवाज त्या कोटांमध्येच विरला. मग तिनं नाक पुसलं. "सहाला मेजवानी आहे. ये. भाषणात मी एकेकाचं नाव घेऊन आभार मानणार, आणि ज्याचं नाव घेतलं त्यानं उठून उत्तर द्यायचं असतं, तुला माहीत आहे. तुझं नाव मी गाळणार नाही."

"मी काय बोलू?"

"ते तू ठरव. साडेतीन तास आहेत तुझ्याकडे. मला तू एक मिनिट दिलं नव्हतंस."

कोट तसाच हातावर टाकून ती बाहेर गेली, जिथं लोक केकभोवती खालच्या आवाजात बोलत तिची वाट बघत होते.